हातावर बसवलेला माणूस

तळाशील, ता. मालवण
६ ऑक्टोबर २०२४

चि. सारिका,

आशीर्वाद तर आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. पाकीट बघून हसशील आणि म्हणशील, आतेला आजच्या काळात कागद कसा सुचला! पण माझे दोन्ही कान आता गेले. फोन कानाला लावून मी नुसतं "होय, होय" करते हे तुलाही ठाऊक आहे. शेजारच्या प्राजक्ताच्या फोनवर मजकूर पाठवावा तर आधी ती वाचणार आणि संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी. मला लिहायचं आहे ते वाडीत जायला नको. उत्तरही कागदावरच दे.

गोष्ट आमच्या ओटीवरच्या फोटोची आहे. मे महिन्यात कट्टा गावाहून राहायला यायचीस तेव्हा त्याच्याकडे पाठ करून झोपायचीस, तोच. माझ्या सासऱ्यांचे आजोबा परशुराम आगबोटीवर खलाशी होते, त्यांनी तो जपानातल्या योकोहामा बंदरातून आणला. मोठा थोरला बुद्ध मांडी घालून बसलाय, मागे झाडं आहेत, आणि मांडीवर ठेवलेल्या त्याच्या हातांवर एक इवलासा माणूस बसलाय. तो माणूस म्हणजे परशुरामच, असं या घरात सगळे मानत आले. देव बुद्ध आहे हे मला कळतं, मी जुनी मॅट्रिक आहे. पण घरात त्याला म्हणतात दर्यापारचा राखणदार.

घरातला पुरुष बोटीवर निघाला की तो फोटो उन्हात, समुद्राकडे तोंड करून वाळूवर मांडायचा. नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू दर्यार जाता. ह्याका तुझ्या हातार बसवन घे, नेलंस तसो हाडून सोड." मागे उभे असतील त्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मग तो माणूस घरी परत येईपर्यंत फोटोसमोर समई तेवती ठेवायची. याला आम्ही हातावर बसवणं म्हणतो. तुझे आतोबा गुरुदास असेच जन्मभर जात राहिले आणि येत राहिले, शेवटी गेले ते घरच्या खाटेवर. या घरातलं कुणी दर्यात राहिलं नाही.

गणपती पोचवून माझा लेक देवेश बोटीवर गेला. त्यालाही असाच बसवला. परवा काच पुसताना नीट बघितलं आणि हातातलं फडकं गळालं. हातावरचा माणूस दिसत नाही. बुद्ध आहे, झाडं आहेत, पण माणसाचं डोकं आणि छाती गेली. मांडीखालचे दोन पाय तेवढे लोंबतायत.

मला फार भीती वाटते गो. देवेश आता कुठल्या समुद्रात आहे तेही नीट माहीत नाही. तो देव तुझ्या जपानातल्या गावापासून जवळ आहे असं तू एकदा बोलली होतीस. जाऊन बघ. कुणी जाणतं भेटलं तर विचार, हे असं का होतं. देवेशला यातलं काही कळवू नको.

तुझी आते,
सुगंधा


फुजिसावा, जपान
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय आते,

तुझं पत्र आमच्या वृद्धाश्रमाच्या पत्त्यावर आलं. माझ्या देखभालीतल्या नव्वदीच्या आजीबाईंनी पाकिटावरचं तिकीट मागून घेतलं आणि दिवसभर हातात धरून ठेवलं. बाकी इथे सगळं ठीक. काम अंग मोडणारं आहे, भाषा अजून अर्धी कळते, आणि मासे आहेत पण कोकम नाही.

पहिल्याच सुट्टीला मी गेले. इथून कामाकुराला समुद्राच्या काठाने छोटी गाडी जाते. फाटकातून आत शिरले आणि समोर बघितलं. तुमच्या ओटीवरचा देव! तसाच थोडा पुढे झुकलेला, डोळे तसेच अर्धे मिटलेले. फक्त केवढा तरी मोठा, आणि भोवती शाळेची मुलं आइस्क्रीम खातायत. मी तिथल्या तिथे चपला काढून हात जोडले. एक जपानी बाई माझ्या चपलांकडे बघत राहिली.

ऐक, काय काय बघितलं ते. त्याला छप्पर नाही. फार पूर्वी होतं, पण समुद्राची लाट गावात शिरली आणि देऊळ घेऊन गेली असं सांगतात. देव जागचा हलला नाही, तेव्हापासून उघड्यावर आहे. हात मांडीत एकावर एक, अंगठ्याला अंगठा टेकलेला. आता हातावर कुणाला चढू देत नाहीत. मूर्ती आतून पोकळ आहे, आत जाता येतं. मी गेले आणि लगेच बाहेर आले. आत अंधार आणि भिंतीसारखं थंड पितळ का कांसं, कोण जाणे. परवाच इथे धरणीकंप झाला होता, कपाटातल्या बश्या वाजल्या. तो आवाज आत उभं राहिल्यावर आठवला.

खरं सांगू? त्याच्यासमोर उभी राहून मी म्हटलं, माकाय बसव रे हातार. तुमच्या घरात फक्त पुरुषांनाच बसवतात. मी एवढा समुद्र ओलांडून आले, माझ्यासाठी कुणी नारळ ठेवला?

आता तुझा प्रश्न. योकोहामात जुने फोटो विकणारं एक दुकान आहे, तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे फोटो फार जुने. पहिल्यापहिल्यांदा कॅमेरे घेऊन लोक जपानात आले तेव्हा या बुद्धाचे खूप फोटो काढले आणि बंदरात उतरणाऱ्या प्रवाशांना विकले. कागदावर अंड्यातला पांढरा बलक फासून त्यावर फोटो उतरवायचे. असा फोटो उजेडाने आणि दमट हवेने उडत जातो. आधी उडतो तो पांढरा भाग, म्हणजे पांढरे कपडे, चेहरा. त्यांनी मला असे अर्धे उडालेले दोनचार दाखवलेसुद्धा.

तेव्हा आते, देवेशला काही झालेलं नाही. तुमच्या समईने आणि उन्हाने त्या माणसाला खाल्लाय. ताबडतोब फोटो खाली उतरव, सुती कापडात गुंडाळ आणि पेटीत अंधारात ठेव. नाहीतर राहिलेले पायही जातील.

तुझी,
सारिका


तळाशील
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सारिका,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अंड्याचं वाचून आधी कागद खाली ठेवला. दर सोमवारी ज्याच्यासमोर मी उपास सोडला तो देव अंड्यावर बसलाय म्हणजे! जाऊ दे, हे कुणाला सांगू नको.

पण दुसरं जे लिहिलंस ते माझ्या गळ्याखाली उतरत नाही. झिल दर्यावर असताना राखणदाराला कापडात गुंडाळून पेटीत घालू? वर झाकण लावू? तू तिथे शिकलेल्या लोकांत राहतेस म्हणून हे सहज लिहू शकलीस. मला ती समई विझवायची आहे, तुला नाही. आणि तुझं खरं मानलं तर त्याचा अर्थ काय होतो? घरातल्या प्रत्येक पुरुषासाठी आम्ही उन्हात मांडला, दिवा लावला, आणि प्रत्येक वेळी त्या हातावरच्याला थोडं थोडं पुसत गेलो. सासूबाईंनी मामंजींसाठी पुसला, मी गुरुदासांसाठी पुसला, आणि देवेशच्या पाळीला काही उरलंच नाही. ही भीती पहिल्या भीतीपेक्षा मोठी आहे.

देवेशचा फोन येतो. प्राजक्ता ऐकते आणि मला पाटीवर लिहून दाखवते. पूर्वी पाटी भरायची, काय जेवला, कुठलं बंदर दिसलं. आता "बरा आहे, काम खूप" एवढंच. प्राजक्ताला विचारलं, "आवाज कसो होतो गो त्याचो?" ती म्हणाली, "बरो होतो." पण लिहिताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. तो तिकडे खाली इंजिनात तेलपाणी बघतो, ऊनसुद्धा अंगाला लागत नाही. तुला काही बोलला असेल तर लपवू नको.

भिंग घेऊन रोज बघते. आधी दोन्ही पाय स्पष्ट होते. आता डावा धूसर वाटतो. माझे डोळेही म्हातारे झालेत, तेव्हा खरं खोटं ठरवता येत नाही. हा फोटो मला घाबरवतो, आणि त्याच्यासमोरून उठवतही नाही.

एक काम कर. त्या दुकानात असेच आणखी फोटो असतील, त्यात परशुराम सापडतो का बघ. कुठेतरी तो अख्खा असला तर मला धीर येईल. आणि तू शपथेवर लिही की पेटीत ठेवल्याने माझ्या झिलाला काही होणार नाही. मग ठेवते.

तुझं गाऱ्हाणं वाचलं. तू विमानात बसलीस त्या दिवशी कुणाला न सांगता फोटो मागीलदारी नेला होता. तुला मी बसवली होती गो. पोरी-चेडवांना बसवतात का, हे मी कुणाला विचारलं नाही.

आते


फुजिसावा
८ डिसेंबर २०२४

प्रिय आते,

शेवटच्या ओळी वाचून मी जेवणाच्या खोलीत रडले. आजीबाईंना वाटलं माझं कुणी गेलं, त्यांनी मला स्वतःची खीर दिली.

आता शपथ. माझ्या आईची, बाबांची, कट्ट्याच्या घराची, तुला हवी त्याची. पेटीत ठेवल्याने देवेशला काही होणार नाही. ठेव.

देवेश माझ्याशी बोलतो, बोलतो म्हणजे दोन ओळी लिहितो. बोट जुनी आहे, खाली सगळं गळतं, एवढं एकदा म्हणाला होता. सोबत बांद्याचा समर्थ नावाचा मुलगा आहे, दोघं एकाच पाळीला असतात. मालवणी बोलायला माणूस मिळाला म्हणून खूश आहे. यापेक्षा जास्त मला माहीत नाही. असतं तर सांगितलं असतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे दुकानात गेले. बाईंनी या बुद्धाच्या फोटोंचा एक गठ्ठाच समोर ठेवला. आते, त्या काळी जो येई तो हातावर चढून बसत असे! कुठे टोपीवाले चारजण ओळीने, कुठे घेरदार झग्यातली मडम, कुठे पुजारी. आणि बघता बघता आपला फोटो हाताशी आला. तीच झाडं, तीच सावली, खाली कोपऱ्यात तोच फुटका दगड. तेव्हा फोटो काचेवर घेत, त्या एकाच काचेवरून काढलेला दुसरा कागद. हा कुठल्या तरी वहीत मिटून राहिलेला, म्हणून अगदी स्पष्ट.

त्यावर बसलाय तो परशुराम नाही. पांढऱ्या कोटातला, दाढीवाला, गोल टोपी घातलेला कुणी साहेब आहे. पायात बूट आहेत. तू भिंगातून बघतेस ते पायही बुटाचेच असणार, बघ. परशुरामांनी बंदरात विकत होते त्यातला एक घेतला असेल. पुढच्या पिढ्यांना वाटलं, आपलाच माणूस.

लिहू की नको, असा विचार केला. मग वाटलं, याने तुझी भीती जाईल. तो माणूस आपल्या घराचा नाहीच, मग तो पुसला गेला काय, राहिला काय, त्याचा देवेशशी संबंध काय? सोबत दुकानातल्या फोटोची प्रत पाठवते आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि निवांत झोप.

तुझी,
सारिका


तळाशील
३ जानेवारी २०२५

सारिका,

तुझ्या शपथेवर विसंबून मी फोटो पेटीत ठेवला. समईवर मीच फुंकर घातली. पेटीवर गोधड्या टाकल्या, म्हणजे उघडायचा मोह नको. तो दिवस गेला, दुसरा गेला. मलाही वाटायला लागलं की पोरगी खरं बोलते.

मग काल प्राजक्ता धावत आली. पाटी आणायला विसरली, तोंडानेच सांगत सुटली, मला काही कळेना. शेवटी अंगणातल्या वाळूत काठीने लिहिलं, बोटीला आग. बोटीच्या कंपनीकडून फोन आला होता. इंजिनाच्या जागेत आग लागली, विझली, बोट ओढून बंदरात नेतायत. एक माणूस नाही. कोण ते सांगत नाहीत. आधी घरच्यांना कळवू म्हणतात. आम्ही घरचे नव्हे तर कोण?

तू पाठवलेला साहेब मी मागच्याच आठवड्यात बघितला. बूट घालून बसलाय. म्हणजे इतक्या पिढ्या आम्ही आमचे पुरुष कुणाच्या जागेवर बसवत होतो? देवाने हातावर आधीच एक घेतलेला होता, वर आम्ही आमचे रेटत होतो. तू म्हणतेस याने भीती जाईल. माझ्याकडे डोकं टेकायला एक जागा होती, तीही तू बुटासकट काढून घेतलीस.

पेटी उघडली. फोटो बाहेर काढला, समई लावली. हातावर आता काहीच नाही. पायसुद्धा नाहीत. दोन रिकामे तळवे आहेत आणि अंगठे टेकलेले आहेत. किती वेळ बघत बसले ते ठाऊक नाही. वाडीतल्या बायका येऊन बसल्या आहेत, कुणी चूल पेटवली तेही मला कळलं नाही.

माझं डोकं ठिकाणावर नाही, पण हे तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू सांगितलंस म्हणून मी त्याला अंधारात कोंडलं. माझा झिल तिकडे अंधारात कोंडला गेला असेल तर मी तुझं तोंड बघणार नाही.

सुगंधा


फुजिसावा
२० जानेवारी २०२५

प्रिय आते,

तुझं पत्र हाती आलं तोवर देवेश घरी पोचल्याचं प्राजक्ताने कळवलं होतं. तरी ते मी उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. आगीचं प्राजक्ताने कळवलं तेव्हापासूनचे दिवस मी कसे काढले ते तुला कळायला हवं. इथे कुणाला सांगू? आजीबाईंना भरवताना चमचा त्यांच्या हनुवटीला लागत होता. फोनचा दिवा लुकलुकला की हातातलं काम टाकून धावायचे. मी खोटी शपथ घेतली नव्हती आते. पण रोज वाटायचं की आपण घेतली. कामाकुराला परत जायचं धाडस झालं नाही. स्टेशनपर्यंत गेले आणि माघारी आले. आपण त्याला पेटीत घालायला लावलं आणि आता दर्शनाला कुठल्या तोंडाने जायचं?

समर्थ गेल्याचं कळलं. बांद्याला त्याच्या घरी तू गेलीस हेही कळलं. मला काही लिहिता येत नाही.

देवेशशी व्हिडिओवर बोलले. दाढी वाढली आहे, बाकी नेहमीसारखा. हसतो, माझ्या जपानीची टर उडवतो. आगीचं विचारलं तर म्हणाला, "सोड गो, बोटीर ह्या चालताच." कंपनीने दुसरी बोट देऊ केली आहे, पुढच्या महिन्यात चढायचं. म्हणाला, "मी तयार आसय, पण आयेचा काय खरा नाय. ती सोडूची नाय."

म्हणून हे लिहिते, रागावू नको. आते, आता पुरे. तुझी भीती मला कळते, मी तिच्यात तुझ्याबरोबर राहिले आहे. पण देवेश सव्वीस वर्षांचा आहे आणि हे त्याचं काम आहे. फोटोत माणूस आहे की नाही, दिवा आहे की पेटी, यावर त्याचं आयुष्य टांगून ठेवू नको. तो तुझ्यामुळे थांबला तर उद्या तुलाच बोल लावेल. गाऱ्हाणं घालायचं तर घाल, नसेल तर नको घालू, पण त्याला जाऊ दे. तुझ्या भीतीत त्याला कोंडून ठेवू नको.

तुझी,
सारिका


तळाशील
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सारिका,

मागच्या पत्रात तुझं तोंड बघणार नाही असं लिहिलं ते विसरून जा. तोंड बघायचं आहे, लवकर ये.

आता नीट ऐक आणि हे पत्र वाचून झालं की जाळून टाक. देवेश तुझ्याशी हसून बोलतो ते खरं आहे. तो सगळ्यांशीच हसून बोलतो. मला मात्र त्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी नुसतं तोंड बघते. आठवडाभर बघितलं तेव्हा लक्षात आलं की दुपारी वारा सुटला आणि कुठलं दार आपटलं की त्याचे डोळे आधी तिकडे जातात, मग अंगावर काटा येतो, मग तो उठून विहिरीकडे जातो. मला दार आपटल्याचं त्याच्याकडे बघूनच कळतं. न्हाणीत गेला तर दार उघडं ठेवतो. जेवताना कुणी कडी लावली की घास तोंडात तसाच राहतो.

एकदा मी त्याच्या पुढ्यात पाटी ठेवली आणि खडू दिला. म्हटलं, "माका बोललला आयकाक येणा नाय. ल्ही." त्याने खडू बोटांत फिरवला. मग लिहिलं. आग विझवायची तर इंजिनाच्या जागेची सगळी दारं बंद करून आत गॅस सोडतात. त्या गॅसात माणूस जगत नाही. माणसांची मोजणी चुकली. सगळे बाहेर आले असं वरून सांगितलं गेलं आणि दार ओढायला देवेशला लावलं. दार लागलं, गॅस सुटला, आणि आतून कुणीतरी थापा मारायला लागलं.

पुढे त्याने लिहिलं, "आये, माका खूप भय वाटता. मी परत चढूचंय नाय. पण लोकांका काय सांगू?" मग स्वतःच फडक्याने पाटी पुसली.

सारिका, मी एवढे महिने फोटोत बघून घाबरत होते. माझ्यापेक्षा दसपट घाबरलेला माणूस माझ्या ओटीवर बसून चहा पीत होता आणि मला दिसला नाही. तुलाही दिसला नाही. या घरातल्या पुरुषाने मला भीती वाटते असं कधी म्हटलेलं नाही, म्हणून त्यालाही म्हणता येत नव्हतं. बोटीवरून आलेल्याला वाडी विचारते ते एकच, परत कधी जाणार.

त्याला हातावर बसवायचा दिवस वाडीने ठरवूनच टाकला होता. वाडीतला मंगेश गाऱ्हाणं घालायला आला, बायका आल्या, पोरं आली. देवेश इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि त्याचा रंग राखेसारखा झाला होता. मंगेश फोटो मागू लागला. मी उंबऱ्यावर आडवी बसले आणि म्हटलं, "माझो झिल जावचो नाय. माका भय वाटता. माझ्या मढ्यार पाय दिवन जाऊ दे." मंगेश समजावू लागला, "असा काय करतस गे? त्याचा नुकसान करतस." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. देवेशने सगळ्यांसमोर माझ्यावर आवाज चढवला. ऐकू आला नाही, पण गळ्याच्या शिरा दिसत होत्या. चांगलं केलं त्याने, तसंच करायला हवं होतं. लोक पांगल्यावर तो चुलीकडे आला आणि माझ्या पाठीला डोकं लावून बसून राहिला. मी मासे कापत होते, तशीच कापत राहिले.

आता वाडीत म्हणतात, सुगंधाने भियान झिलाला घरात बांधून ठेवला, पोराचं वाटोळं केलं. म्हणू देत. तुला कुणी विचारलं तर तूही हेच सांग, आणि थोडं वाढवून सांग. देवेशने विचारलं तरी तुला माझ्याकडून काही कळलं आहे असं दाखवू नको. मे महिन्यात आंब्याच्या बागेत कामाला जाईन म्हणतोय, उघड्यावरचं काम आहे.

काल सुताराला बोलावून मधल्या खोल्यांची दारं बिजागऱ्यांसकट काढून घेतली, न्हाणीचंसुद्धा. तिथे पडदा लावला आहे. सुताराला सांगितलं, वाळवी लागली. तू येशील तेव्हा दारं कुठे गेली म्हणून विचारू नको.

तुझी आते,
सुगंधा